साडूंचा सव्वा टनाचा किल्ला

किल्ला बांधायला लागणारं सगळं ज्ञान ज्याच्यापाशी आहे आणि किल्ला बांधायचं एकही कारण ज्याच्यापाशी नाही, असा माणूस आजच्या ब्रिटनमध्ये एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. ब्रिस्टलमध्ये त्यांचं घर आमच्या घरापासून चार पूर्णांक तीन दशांश मैलांवर होतं. हे अंतर मी मुद्दाम मोजून ठेवलं होतं, कारण ‘सहज आलो होतो’ म्हणणारा माणूस किती सहज येऊ शकतो, हे आपल्याला आधी माहीत असलेलं बरं. त्यांनी सत्तावीस वर्षं विमानाच्या कारखान्यात नोकरी केली. काम काय, तर पंखाच्या आतल्या आधारपट्ट्यांचं वजन कमी करणं. एका पट्टीतून अकरा ग्रॅम वाचवल्याबद्दल त्यांना एकदा पितळी पाटी मिळाली होती. पाटी चारशे ग्रॅमची आहे. मी वजन केलं आहे. आयुष्यभर असा ग्रॅमग्रॅमने जीव काढलेला माणूस निवृत्त झाला आणि टनाखाली बोलेनासा झाला.

आमच्याकडून पूल ओलांडला की वेल्स, आणि वेल्समध्ये किल्ल्यांना तोटा नाही. साडूंनी निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत त्यांतले एकोणीस पाहिले, आणि दुर्दैवाने त्यांतल्या अकरांच्या वेळी गाडी मी चालवत होतो. सामान्य माणसं किल्ला बघायला जातात ती तिकीट काढून दरवाज्यातून आत शिरतात. साडू नाही. ते आधी किल्ल्याला बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालतात, तीही थांबत थांबत, आणि पाऊस असेल तर जास्त थांबत. त्यांचं म्हणणं, किल्ला बघायचा तर बांधणाऱ्याने बघितला त्या क्रमाने बघावा: आधी खडक, मग पाणी, मग दगड कुठून आणायचा, चुनखडी कुठं भाजायची, आणि सगळ्यांत शेवटी दरवाजा. आमची प्रदक्षिणा सरासरी पन्नास मिनिटांची होते. बायका तेवढ्या वेळात आतला सगळा किल्ला, दुकान आणि चहा असं सगळं उरकून बाहेर येतात आणि विचारतात, “झालं का?” तोवर आम्ही दरवाज्यापाशी पोचलेले असतो.

या प्रदक्षिणांत मी जे शिकलो ते मला कुणीही विचारलेलं नाही, त्यामुळे इथंच सांगून टाकतो. किल्ल्याच्या भिंतीत ओळीने चौकोनी भोकं दिसतात. मी त्यांना कबुतरखाने समजत होतो. साडूंनी माझ्याकडे, मी वीट खाल्ल्यासारखं पाहिलं. “साडूभाऊ, ती परांचीची भोकं. भिंत चढत जाते तसे तिच्यातच वासे रोवत जायचे, त्यांच्यावर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर गवंडी. काम झालं की वासे काढले, भोकं राहिली.” एका किल्ल्यावर मात्र ही भोकं आडव्या ओळीत नव्हती, बुरुजाभोवती तिरकी चढत गेली होती. साडूंना तिथं गहिवरच आला. “अशी तिरकी परांची इथल्या गवंड्यांची नाही. राजाने आल्प्सकडून मुख्य गवंडी आणला होता, त्याची ही पद्धत. म्हणजे बघा, वर्क व्हिसावरचा माणूस! आपल्यासारखाच. आला, आठशे माणसं हाताखाली घेतली, काम करून गेला.” मी म्हटलं, “तो निदान परत गेला.” साडूंनी ऐकलं नाही. ते भिंतीला कान लावून होते.

भिंतीबद्दलही असंच. बाहेरून बारा फूट जाड दिसणारी भिंत अख्खी घडीव दगडांची नसते. दोन्ही अंगांना नीट रचलेले दगड आणि मधल्या पोकळीत खडी, कपचे, चुना असं काहीही ओतलेलं. “बाहेरून देखणी आणि आतून भरताड,” साडू म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “तुमचं किचन एक्स्टेन्शन दोन्हीकडून भरताड आहे.” हे एक्स्टेन्शन बांधत होता तो बिल्डर सज्जन माणूस होता. साडूंनी त्याला दोन सकाळी सिमेंट कसं आडमुठं असतं आणि चुना कसा समजूतदार असतो, हे सांगितलं. पहिल्या सकाळी त्याने मान डोलावली, दुसऱ्या सकाळी रेडिओ लावला, आणि तिसऱ्या सकाळी तो आलाच नाही. नंतर मी फोन केला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “तुमचे ते गेस्ट गेले का?”

जेवणाच्या वेळा त्यांना विशेष चांगल्या साधतात. एकदा किल्ल्याच्या आवारात गवतावर बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खात होतो. साडूंनी हातातल्या पुरीनेच वर दाखवलं. “ते भिंतीतून बाहेर आलेलं कपाट दिसतंय ना? ते संडास. खाली भोक, थेट खंदकात. आणि गंमत म्हणजे चांगले कपडे तिथंच टांगायचे. त्या वासाने कसर लागत नाही.” माझ्या बायकोने डब्याचं झाकण लावलं. ताई शांतपणे खात राहिल्या. तीस वर्षांच्या संसारात माणूस कशावरही जेवू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गोल जिन्यांचा विषय मात्र काढू नये. किल्ल्यावरच्या वयस्क स्वयंसेविका बाई प्रेमाने सांगत होत्या की जिने उजवीकडे वळत चढतात, कारण वरून लढणाऱ्याचा तलवारीचा हात मोकळा राहावा. साडू मागून म्हणाले, “मॅडम, मी तेवीस जिने मोजले आहेत. सहा उलटे वळतात. ते काय डावखुऱ्या लोकांचे किल्ले होते? शत्रू जिन्यापर्यंत पोचला म्हणजे लढाई हरलेलीच असते. जिना सोयीने वळतो.” बाई हसून म्हणाल्या, “हाउ इंटरेस्टिंग.” या देशात सहा महिने काढलेल्या कुणालाही या दोन शब्दांचा अर्थ कळतो. साडूंनी इथं उभं आयुष्य काढलं आहे. ते आणखी अठरा मिनिटं बोलले.

माणसांच्या घरी गेले तरी तेच. आमच्या वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी पडद्यांचं कौतुक केलं, कुणी शाळा जवळ आहे म्हणालं. साडूंनी पोर्चमध्ये उभं राहून दोन्ही हातांनी अंतर घेतलं आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, “वीस मिनिटं. फार तर पंचवीस. बाजूची गल्ली उघडी आहे.” गुरुजी नवे होते. ते घाबरून म्हणाले, “कशाला वीस मिनिटं?” हे घर वेढ्यात किती वेळ टिकेल याबद्दल चाललंय, असं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतीचा एक मंत्र जास्तीचा म्हटला.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीत मुलांनी अंगणात मातीचा किल्ला करायचा, त्यावर हळीव पेरायचे, मातीचे मावळे उभे करायचे आणि माथ्यावर महाराजांना बसवायचं, ही आपली रीत. आमच्या मंडळाने ब्रिस्टलमध्ये त्याची स्पर्धा सुरू केली. अंगण कुणाला नाही आणि आहे त्यात चिखल, म्हणून मुलं सीरियलच्या खोक्यांचे किल्ले करून हॉलवर आणतात. नियम मी लिहिले होते, एकूण नऊ. आठवा असा: किल्ला सकाळी दहापर्यंत हॉलमध्ये आणून चार फूट बाय दोन फुटांच्या टेबलावर मांडावा. वयाची अट घालायची राहून गेली. एकसष्ट वर्षांचा स्पर्धक अर्ज करील, अशी शंका माझ्यासारख्याला यायला हवी होती; नाही आली. साडूंनी फेब्रुवारीत अर्ज भरला. ‘पालकांची सही’ या रकान्यात ताईंनी सही केली.

त्याच वर्षी त्या घरात दुसरंही एक ठरलं होतं. ताईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मुलगी लंडनमध्ये एजवेअरला राहते, तिला नुकती मुलगी झालेली. तिने आपल्या घराजवळ तळमजल्यावरचा फ्लॅट शोधला. ब्रिस्टलचं घर विकायचं आणि तिकडं जायचं, असं मुलगी-जावयासह चौघांनी बसून ठरवलं. साडूंनीही मान हलवली. मग कागदांवर सह्या करायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, “किल्ला पुरा होऊ दे, मग करतो.” घर घेणारे सात आठवडे थांबले आणि दुसरीकडे गेले. एस्टेट एजंटने ‘विकणे आहे’ची पाटी पुन्हा लावली. त्या दिवसापासून ताई किल्ल्याला ‘तुमची ती’ म्हणू लागल्या. “तुमची ती आज किती वाढली?”

ती वाढत होती, सावकाश. मध्ययुगात आजच्यासारखे नकाशे हाताशी ठेवून कुणी बांधत नसे, असं साडूंचं म्हणणं. मुख्य गवंडी जमिनीवरच दोरी आणि खुंट्यांनी आखणी करायचा. दोरीवर बारा सारखे भाग पाडायचे. तीन, चार आणि पाच असा त्रिकोण ताणला की काटकोन मिळतो. त्यासाठी ताईंची कपडे वाळत घालायची दोरी गेली. त्या आठवड्यात चादरी रेडिएटरवर वाळल्या. चार फूट बाय चार फुटांचा चौक, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, पुढे दुहेरी दरवाजा. पायासाठी फूटभर खोल चर खणला आणि त्यात खडी ठासली. पायाचा पहिला दगड बसवला तेव्हा नारळ फोडला. नारळ पहिल्याच फटक्यात फुटला, पण दगड सरकला, म्हणून तो परत बसवला.

चुना तयार मिळतो. साडूंनी कळीचा आणून बागेत जुन्या कचऱ्याच्या डब्यात विझवला. त्याची वाफ इतकी उठली की शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, “एव्हरीथिंग ऑल राइट?” ताई म्हणाल्या, “येस, ही इज बिल्डिंग अ कासल.” शेजारच्या बाईंनी “ओ, लव्हली” म्हटलं आणि खिडक्या लावून घेतल्या. दिवसाला एक थर, त्याहून जास्त नाही, कारण चुन्याला धरायला वेळ लागतो. दगड उचलायला मध्ययुगात माणूस आत चालायचा असं मोठं लाकडी चाक असे. साडूंनी व्यायामाच्या सायकलचं तसलं काहीतरी केलं. दोन किलोचा दगड तीन फूट वर न्यायला त्यांना चार मिनिटं पायडल मारावं लागे. मी हाताने उचलून ठेवला तर सहा सेकंद. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “तुम्हाला घाई आहे म्हणून तुमच्याकडून काही टिकाऊ होत नाही.”

सप्टेंबर संपला आणि साडूंनी काम थांबवलं. तीन बुरूज पुरे, चौथा अर्धा. थंडीत ओला चुना गोठला की त्याचा भुगा होतो, म्हणून तेव्हाचे गवंडी हिवाळ्यात हात आखडता घेत आणि भिंतींच्या माथ्यावर पेंढा आणि शेण घालून ठेवत. साडूंनी एका तबेल्यातून घोड्याची लीद आणली, अर्थातच ताईंच्या गाडीतून. ताई पहिल्यांदा चिडल्या. “अहो, शेणात हात घालायचे होते तर गावीच राहिलो असतो! व्हिसाच्या रांगेत कशाला उभं केलंत मला?” साडू म्हणाले, “एक हिवाळा काढू दे तिला. मग जाऊ.” ताई म्हणाल्या, “आणि मी काढू का अजून एक?” यावर साडूंनी पेंढा नीट केला.

एव्हाना मलाही कळलं होतं. हे सगळं दगडचुन्याचं नव्हतं. विमानाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं जाऊन हा माणूस ज्या एका गोष्टीचा मालक झाला होता ती होती ते घर आणि ती तीस फुटांची बाग, आणि ती सोडायला तो तयार नव्हता. तसं तोंडाने म्हणणं त्यांना जमलं नसतं. म्हणून त्यांनी तटबंदी घातली.

दिवाळी आली. आठव्या नियमाप्रमाणे किल्ला हॉलमध्ये आणायचा होता. मी एक दगड बादलीतल्या पाण्यात बुडवून घनता काढली, भिंतींची मापं घेतली आणि साडूंना आकडा सांगितला: सव्वा टन. ते खूश झाले. मी म्हटलं, “टेबलाचं काय?” साडू म्हणाले, “किल्ला जागेवरून हलवता येत नाही, हाच तर त्याचा गुण आहे. परीक्षकांना इकडे बोलवा.” मग परीक्षक, दाताचे डॉक्टर नवरा-बायको, रिमझिम पावसात छत्री धरून बागेत आले. त्यांच्यासमोर पेंढा आणि लिदीच्या टोप्या घातलेला साडेतीन बुरुजांचा किल्ला होता. रात्री दव गोठणार होतं, साडू टोप्या काढेनात. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, “महाराज कुठं बसवलेत?”

“हा तसला किल्ला नाही,” साडू म्हणाले. “इथला मालक वर्षातून चार आठवडे यायचा. एरवी आत आठदहा माणसं आणि एक स्वयंपाकी. आत्ता मालक नाहीये.”

“मावळे तरी?”

“ते सुट्टीवर.”

डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं. “हळीव मात्र छान आलेत हो.” खरंच, पायथ्याशी चारही बाजूंनी हिरवीगार रेघ होती. साडू गोंधळले. “मी नाही पेरले.” दारात खुर्चीवर बसलेल्या ताई दुसरीकडे बघत म्हणाल्या, “सुपरमार्केटात मिळतात. दिसायला बरं दिसावं म्हणून टाकले.” पहिलं बक्षीस दोन बहिणींच्या खोक्यांच्या किल्ल्याला गेलं, आणि ते योग्य होतं, मी पाहिला होता. साडूंना उत्तेजनार्थ. प्रशस्तिपत्रावर नावाआधी ‘चि.’ छापलेलं होतं, ते खोडायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. साडूंनी ते फ्रेम केलं.

त्याच आठवड्यात घराला दुसरे घेणारे मिळाले. त्यांना घर आवडलं होतं, पण वकिलामार्फत एक वाक्य आलं: ताबा देण्यापूर्वी बागेतलं ‘बांधकाम’ काढून जागा सपाट करून द्यावी. मुदत तीन आठवडे. साडूंनी ईमेल वाचली आणि पेंढा घालायला बाहेर गेले. एजवेअरहून मुलीचा फोन आला, तिने इथं वाढलेल्या आपल्या मराठीत स्पीकरवर सगळ्यांदेखत सांगितलं, “बाबा, किल्ला छान आहे, आय मीन इट. पण फ्लॅट हातची गेली ना, तर आईची गुडघा कोण बघणार? शी कान्ट डू दोज स्टेअर्स, बाबा!” साडू म्हणाले, “बघतो.” मग माझ्या बायकोने मला चार पूर्णांक तीन दशांश मैल पाठवलं. “तुमचं ऐकतील. तुम्ही आकड्यात बोलता.”

माझं कुणीही कधीही ऐकलेलं नाही, पण मी गेलो. साडू स्वयंपाकघरात चौथ्या बुरुजाचा दगड तासत होते. मी समजूत घालण्याची सगळी वाक्यं गाडीत पाठ केली होती. त्यांतलं पहिलंच म्हटलं, “आता किल्ला पुरा झाला असं समजा.”

“किल्ला कधी पुरा होत नाही, साडूभाऊ. निम्म्याहून जास्त किल्ले अर्धेच राहिलेत. राजाचं लक्ष उडतं. किल्ला पुरा होत नाही, नुसता थांबतो.”

“मग थांबवा.”

त्यांनी दगड फिरवला आणि दुसऱ्या बाजूने तासू लागले. तेवढ्यात वरून हाक आली, “अहो, येतेय मी!” आणि मग आवाज यायला लागला. थप्. थोडा वेळ काही नाही. परत थप्. मी दारातून पाहिलं. ताई जिन्यावर बसून एकेक पायरी खाली सरकत होत्या, लहान मुलं उतरतात तशा. मला पाहून म्हणाल्या, “बसा हो तुम्ही. संडास वर आहे ना, दिवसातून पाच वेळा ही वारी असते माझी. उठू नका, अजून वेळ आहे मला.”

मला ते पाठ केलेलं पुढचं काही आठवेना. मी एवढंच विचारलं, “साडूभाऊ, या जिन्याला पायऱ्या किती?”

साडूंनी तोंड उघडलं. “चौदा,” ते म्हणाले. मग, “नाही... तेरा असतील.” वेल्समध्ये पाहिलेल्या प्रत्येक किल्ल्याचा प्रत्येक जिना त्यांना पायरीपायरीने पाठ होता. ताई खाली येऊन खुर्चीवर टेकल्या, तसे साडू उठले, टेप घेऊन जिन्याकडे गेले. टेप ओढल्याचा आणि सुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. ताईंनी मला खुणेने विचारलं, काय चाललंय? मी खांदे उडवले.

वीस मिनिटांनी ते आले आणि टेबलाशी बसले.

“तेरा,” ते म्हणाले. “सातवी बाकीच्यांपेक्षा पाऊण इंच उंच आहे.”

“ती होय?” ताई म्हणाल्या. “तिच्यावर तर मी पहिल्या दिवसापासून ठेचकाळते.”

“हो. आणि मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, बघून चाल.” त्यांनी तासलेला दगड उचलून खाली जमिनीवर ठेवला. “साडूभाऊ, शनिवारी जुने हातमोजे घेऊन या.”

शनिवारी त्यांनी मला हातोडा वापरू दिला नाही. ज्या क्रमाने दगड चढवले त्याच्या बरोबर उलट क्रमाने एकेक उतरवायचा, असा हुकूम. पेंढा काढला, लीद बाजूला केली, आणि माथ्याचा दगड त्यांनी हाताने हलवला. तो अलगद निघाला. भिंत बाहेरून घट्ट धरली होती, आत चुना अजून ओला होता, थंड लोण्यासारखा बोटाला लागत होता. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते दगड पाण्यात खंगाळून रचत होते आणि मला शिकवत होते. “सिमेंट असतं ना, तर दगड फुटले असते. सिमेंट दगडासकट जातं. चुना सोडून देतो. म्हणून तर गावोगावच्या लोकांनी किल्ल्यांचे दगड नेऊन घरं बांधली.” ताई दारात शाल घेऊन बसल्या होत्या. मधूनच म्हणायच्या, “पाठ सांभाळा हो,” आणि एकदा, “तो दरवाजा शेवटी काढा, छान जमलाय.” सात महिन्यांचं काम दीड दिवसात जमिनीला आलं. दरवाजा आम्ही शेवटी काढला. जमिनीखालचा पाया काढायची गरज नाही, असं घेणाऱ्यांनी कळवलं होतं; त्यावर माती टाकली आणि हिरवळीचे पट्टे अंथरले. दगड साडूंनी शेजारच्या बाईंना दिले. त्यांनी त्यांचं गुलाबाचं आळं केलं.

नोव्हेंबरच्या शेवटी ते दोघं एजवेअरला गेले. ताईंचं दुसरं ऑपरेशन झालं, आता त्या नातीला ढकलगाडीत घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. साडू कमी बोलतात, असं माझी बायको म्हणते. मला तसा अनुभव नाही, पण फोन पंचवीस मिनिटांत संपू लागले हे खरं.

यंदा जुलैत सलग तीन आठवडे पाऊस नव्हता. त्यांच्या जुन्या घरी अजून त्यांची पत्रं येतात, ती आणायला मी गेलो होतो. घराच्या नव्या मालकीणबाई म्हणाल्या, “एक मिनिट वर याल का? मला एक विचारायचंय.” मागच्या खोलीच्या खिडकीतून त्यांनी बाग दाखवली. हिरवळ बाकी सगळी तग धरून होती, पण तिच्यात पिवळ्या बारीक रेघांनी एक चौकोन उमटला होता. चार कोपऱ्यांना चार वर्तुळं, पुढे दरवाज्याच्या बाजूंना दोन छोटी. कुणीतरी पट्टीने आखल्यासारखा. “हे काय आहे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “किल्ला आहे,” आणि फोटो काढून साडूंना पाठवला.

चार मिनिटांत फोन आला. कितीतरी महिन्यांनी तो आवाज चढलेला होता. “बघितलंत साडूभाऊ! खाली दगड असला की माती उथळ, गवत आधी जळतं! विमानातून असेच सापडतात गेलेले किल्ले!” मग आवाज जरा लांब गेला. ते फोटो मोठा करून पाहत असावेत. “पण तो वायव्येचा कोपरा बघा. इंचभर बाहेर गेलाय. त्या दिवशी पाऊस होता, दोरी भिजून आखडली असणार. तरीच चौथा बुरूज मला जमत नव्हता. म्हणजे उभा राहिला असता, तर तिथंच तडा गेला असता हो. पाडला ते बरंच झालं. नाही?”

“बरंच झालं,” मी म्हटलं.

फोन ठेवून मी त्या बाईंची परवानगी घेतली आणि खाली हिरवळीवर गेलो. टेप माझ्या खिशात असतेच. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजले. एक पाच फूट आठ इंच भरला, दुसराही पाच फूट आठ इंच. खात्रीसाठी परत मोजले. कोपरा इंचभरही बाहेर नव्हता. कुणाचं चुकीचं माप मी आजवर दुरुस्त केल्याशिवाय सोडलेलं नाही. घरातले सगळे त्याबद्दल मला नावं ठेवतात. हे एवढं मात्र मी साडूंना अजून कळवलेलं नाही.